गद्दी मेंढपाळांचा फेरा व त्यांतील मधले मुक्काम

सुगी आटोपून शेतें मोकळीं झालीं म्हणजे घाट उतरून येणारे धनगरांचे कळप आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिले असतील. घोड्यांवर लादलेलें बिऱ्हाड, त्यावर बसविलेलीं लहान मुलें व कोकरें, रात्रीं एखाद्या शेतांत वाघर लावून बसविलेलीं मेंढरें, आणि सकाळीं त्या शेताच्या मालकाकडून मिळालेलें धान्य, हा व्यवहार महाराष्ट्रांत कित्येक पिढ्या चालत आला आहे. अलीकडे तो ठिकठिकाणीं कमी होत चालला आहे. कारण विचारलें तर ‘काळ बदलला, आतां फिरस्त्यांचे दिवस राहिले नाहींत’ असें उत्तर मिळतें. हें उत्तर सोपें खरें, परंतु त्यानें कांहींच उलगडत नाहीं. काळाबरोबर आलेल्या अनेक गोष्टींपैकीं कोणती मेंढपाळास मारक झाली व कोणती उपकारक झाली, हें निराळें काढून पाहिलें पाहिजे. तसें पाहण्यास हिमालयांतील गद्दी मेंढपाळांचें उदाहरण फार उपयोगी आहे. तेथें डोंगर इतके उंच व ऋतूंतील फरक इतके तीव्र आहेत कीं, फिरतीचीं कारणें आणि तिला येणारे अडथळे हीं दोन्ही स्पष्ट दिसून येतात. म्हणून प्रथम त्या लोकांची माहिती देऊन, तींतून आमच्या शेतकरी बंधूंनीं काय घ्यावयाचें तें शेवटीं सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

देश व लोक :— हिमाचल प्रदेशांत कांगडा व चंबा या दोन जिल्ह्यांच्या दरम्यान धौलाधार नांवाची पर्वताची रांग आहे. तिच्या दक्षिणेस कांगड्याचें सुपीक खोरें असून उत्तरेस रावी नदीचें वरचें खोरें लागतें. या वरच्या खोऱ्यांत सुमारें ७,००० फूट उंचीवर भरमौर हें गांव आहे. इसवी सनाच्या दहाव्या शतकांत राजधानी चंबा शहरीं नेण्यांत आली, तोंपर्यंत त्या राज्याचें मुख्य ठिकाण हेंच होतें. भरमौरच्या आसपासच्या मुलुखास गदेरण, म्हणजे गद्दी लोकांचा देश, असें म्हणतात. मणिमहेशाचें कैलास शिखर तेथून जवळ असल्यामुळें हे लोक आपल्या देशास शिवाची भूमि मानतात.

गद्दी लोकांस निव्वळ भटके समजणें चुकीचें होईल. त्यांना घरें असतात व डोंगराच्या उतारावर थोडी शेतीहि असते. तींत ते मका, गहूं, राजमा असलीं पिकें काढतात. पुष्कळ कुटुंबांचीं घरें धौलाधारच्या दोन्ही अंगांस आहेत. घरांतील कांहीं पुरुष कळपाबरोबर जातात व बाकीचीं माणसें शेत सांभाळतात. ज्याच्या घरीं कळपाबरोबर पाठविण्यास माणूस नसेल तो ‘पुहाल’ म्हणजे मेंढका ठेवतो. त्यांचा जुना पोशाख म्हणजे लोकरीचा घोळदार ‘चोला’ व कंबरेभोंवतीं अनेक वेढे दिलेला काळ्या लोकरीचा ‘डोरा’. हा दोर नुसता शोभेचा नव्हे. तो आंवळून बांधला म्हणजे त्याच्या वरच्या बाजूस चोल्याचा जो फुगा होतो, त्यांत वाटेवर नुकतींच जन्मलेलीं कोकरें ठेवून मेंढपाळ चालतो. कळपांत मेंढ्या व शेळ्या मिसळलेल्या असतात. अवघड चढणीवर शेळ्या पुढें होतात व त्यांच्या मागोमाग मेंढ्या जातात. बिबट्यापासून राखण करणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यांत लोखंडी कांट्यांचे पट्टे घालण्याची चाल आहे.

वर्षाचा फेरा :— हिंवाळ्याचे महिने हे कळप खालच्या टेकड्यांत, म्हणजे कांगडा, हमीरपूर, ऊना व बिलासपूर या जिल्ह्यांतील झुडपी जंगलांत काढतात. तेथें त्या दिवसांत हिरवें गवत फारसें नसतें. परंतु झुडपें व झाडपाला मिळतो आणि थंडी सोसवते. कोकरें जन्मण्याचा मुख्य हंगामहि हाच होय. चैत्र-वैशाखांत ऊन तापूं लागलें म्हणजे कळप उत्तरेकडे सरकूं लागतात व धौलाधारच्या पायथ्याशीं येऊन थांबतात. वरच्या खिंडींतील बर्फ ओसरल्याखेरीज पुढें जातां येत नाहीं. कांगड्यांतून चंब्याकडे जाणारी इंद्रहार खिंड १४,००० फुटांहून उंच आहे; भरमौरकडून लाहौलांत उतरणारी कुगती खिंड तर १६,००० फुटांच्याहि वर आहे. ज्येष्ठांत या वाटा मोकळ्या होऊं लागल्या म्हणजे कळप टप्प्याटप्प्यानें वर चढून आषाढ-श्रावणांत उंच कुरणांवर पोंचतात. अशा कुरणास तिकडे ‘धार’ म्हणतात, व प्रत्येक धारेस नांव असतें.

इतका जिवावरचा प्रवास करून लाहौलांत कां जावयाचें, असें कोणीहि विचारील. त्याचें कारण पाऊस हें होय. धौलाधारच्या दक्षिण अंगास पावसाळ्यांत प्रचंड पाऊस पडतो. एकट्या धर्मशाळेस वर्षांत शंभर इंचांहून अधिक पडतो. अशा ओलींत मेंढ्यांचे खूर सडतात, जळवा लागतात व पोटांत जंत होतात. लाहौल हा प्रदेश पर्वतांच्या आडोशास असल्यामुळें तेथें पावसाळी ढग फारसे पोंचत नाहींत; पण वितळणाऱ्या बर्फाच्या ओलाव्यावर तेथें उत्तम बारीक गवत उगवतें. तेथें सपाट दगडांवर मीठ पसरून तें जनावरांस चाटावयास देतात. दोन महिन्यांत कळप चांगला अंग धरतो. भाद्रपदांत थंडी वाढूं लागली म्हणजे परतीची वाट धरावी लागते, व आश्विन-कार्तिकांत कळप पुन्हां पायथ्याच्या गांवांतून खालीं उतरत जातात.

यावरून ध्यानांत येईल कीं, हा फेरा लहरीवर चाललेला नाहीं. ज्या ठिकाणीं ज्या महिन्यांत चारा उत्तम, त्या ठिकाणीं त्या महिन्यांत कळप पोंचावा व चारा संपण्यापूर्वीं तो तेथून उठावा, अशी ही बांधणी आहे. कुरणास पुन्हां वाढण्यास वर्षाचे दहा महिने मिळतात. एकाच जागीं गुरें बांधून ठेवणाऱ्यास हा लाभ कधींहि होत नाहीं.

मधले मुक्काम :— या फेऱ्याचीं दोन टोकें सर्वांच्या डोळ्यांत भरतात. एक उंच धारेचें व दुसरें हिंवाळी जंगलाचें. परंतु आमच्या मतें या व्यवसायाचें मर्म टोकांत नसून मधल्या दिवसांत आहे. वसंतांत सुमारें दोन महिने व शरदांत सुमारें दोन महिने असे येतात कीं, वर बर्फ असल्यामुळें चढतां येत नाहीं, व खालच्या जंगलांतील चारा संपलेला असतो किंवा अजून तयार झालेला नसतो. हे चार महिने कळपानें कोठें काढावे? पूर्वींची सोय अशी होती कीं, ते गांवांच्या गायरानांत, ओढ्यांच्या कांठीं व विशेषतः शेतकऱ्यांच्या मोकळ्या शेतांत काढावे.

ही सोय शेतीच्या वेळापत्रकाशीं बेमालूम जुळत असे. कांगड्यांत गव्हाची कापणी एप्रिल-मे महिन्यांत होते, व भात-मक्यासाठीं शेतें जूनच्या सुमारास गुंतूं लागतात. मधल्या काळांत शेत रिकामें, आणि त्याच वेळीं कळप पायथ्याशीं आलेला. पुन्हां मका व भात सप्टेंबर-ऑक्टोबरांत निघतो व गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या आगेंमागें होते. तेव्हांहि शेत रिकामें व कळप उतरत असलेला. शेतकरी मेंढरें बसविण्यास आग्रहानें बोलावी, मेंढपाळास धान्य व शिधा देई, आणि धसकटें व बांधावरचें गवत जनावरें खात. एकाचें मोकळें शेत तेंच दुसऱ्याचें कुरण झालें होतें.

हक्क व परवाने :— हीं कुरणें बेवारशी होतीं असें नाहीं. इ. स. १८६५ ते १८७२ या काळांत जेम्स लायल या अधिकाऱ्यानें कांगड्याच्या जमाबंदीची फेरतपासणी केली. तींत खालच्या जंगलांतील चराईचे भाग निरनिराळ्या गद्दी कुटुंबांकडे वहिवाटीनें चालत असून, अशा हक्कदारास ‘वारस’ म्हणत, हें नमूद आहे. पुढें १८७८ च्या जंगल कायद्यानंतर जंगलें राखीव व संरक्षित होत गेलीं आणि वहिवाटीच्या जागीं परवाना आला. त्यांत जनावरांची संख्या व मार्ग यांची नोंद असते. परवान्यानें धार व जंगल या दोन टोकांची कांहींशी शाश्वती राहिली. मधल्या मुक्कामांस मात्र बहुधा कोणताच कागद नव्हता. ते शेतकरी व मेंढपाळ यांच्या परस्परांच्या ओळखीवर चालत, आणि म्हणूनच ते सर्वांत आधीं तुटले.

नवें युग व मेंढपाळ :— आतां आधुनिक सुधारणांकडे वळूं. त्या सर्वच मेंढपाळाच्या वाईटावर आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. मोटारीच्या सडका भरमौरपर्यंत व त्याच्याहि पुढें गेल्या. रोहतांग खिंडीखालून काढलेला ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा इ. स. २०२० मध्यें खुला झाला व लाहौलचा हिंवाळ्यांतील एकांतवास संपला. मोबाईल फोनमुळें बर्फाचा इशारा व बाजारभाव पूर्वींपेक्षां लवकर कळतो. लसी व जंताचीं औषधें मिळूं लागलीं. मुलें शाळेंत जाऊं लागलीं, ही तर आनंदाचीच गोष्ट होय. शिकलेल्या मुलास कळपामागें फिरण्याची सक्ति करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. त्यायोगें हाताखालीं माणूस मिळेनासा झाला, ही अडचण खरी आहे. पण ती मजुरी वाढवून भागणारी आहे.

लोकरीचा भाव पडला हीहि गोष्ट खरी. गद्दी मेंढीची लोकर वर्षांतून तीन वेळां कातरतात. घरोघर तिचें कापड व पट्टू विणीत. गिरणीच्या मऊ लोकरीपुढें तिची मागणी घटली. परंतु मांसाची मागणी वाढल्यामुळें विकावयाच्या जनावरांस चांगली किंमत येते, व मुख्य मिळकत आतां तीच झाली आहे. २०१२ च्या पशुगणनेंत हिमाचल प्रदेशांत सुमारें ८ लाख ५ हजार मेंढ्या व ११ लाख १९ हजार शेळ्या होत्या. २०१९ च्या गणनेंत त्या अनुक्रमें सुमारें ७ लाख ९१ हजार व ११ लाख ८ हजार भरल्या. यांत घरीं बांधलेलीं जनावरेंहि आहेत हें लक्षांत घेतलें, तरी हा धंदा आपोआप मरावयास टेकला आहे असें या आंकड्यांवरून म्हणतां येत नाहीं.

मग मेंढपाळ कळप विकून मोकळे कां होतात? याचें उत्तर बव्हंशीं मधल्या मुक्कामांत सांपडतें. खालच्या जंगलांत व गायरानांत ठिकठिकाणीं वृक्षलागवड करून तीं कुंपणानें बंद करण्यांत आलीं. त्यांत चीड वृक्ष पुष्कळ. त्याच्या सुयांसारख्या पानांचा थर जमिनीवर साचला म्हणजे खालचें गवत मरतें. उरलेल्या जागेंत घाणेरी व गाजरगवत शिरलें. घाणेरी हें झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेसाठीं या देशांत आणलें गेलें. तें जनावरें सहसा खात नाहींत, व उपासमारीमुळें खाल्लेंच तर त्यांस कावीळ होते व उन्हांत कातडी सोलवटते. सडकेच्या कडेचे पाणवठे व थांबण्याच्या सपाट जागा घरांखालीं व दुकानांखालीं गेल्या. फळबागांमुळें कित्येक शेतें वर्षभर बंद झालीं. आणि रासायनिक खतांचीं पोतीं दारांत येऊं लागल्यावर कळपास बोलावण्याची गरज शेतकऱ्यास वाटेनाशी झाली.

याचा परिणाम दोन्ही टोकांवर होतो. पायथ्याशीं थांबण्यास जागा नाहीं म्हणून कळप वेळेपूर्वीं वर चढतो, तर खिंडींत बर्फ असतें व धारेवर गवत कोंवळें असतें. तें पायाखालीं तुडवलें जाऊन पुढील चराईहि बिघडते. उतरतांना खालीं जागा नाहीं म्हणून वरच रेंगाळावें, तर अवेळीं बर्फ गांठतें. इ. स. २०१८ च्या सप्टेंबरांत लाहौलच्या बाजूस अवचित पडलेल्या बर्फांत अनेक मेंढपाळ आपल्या कळपांसह अडकून पडले होते. अवेळीं बर्फ पूर्वींहि पडे. पण ज्याच्या परतीच्या वाटेवर मुक्काम मोकळे आहेत त्यास वेळीच उतरतां येतें, आणि ज्याचे मुक्काम बंद झाले त्यास तें कठीण जातें. म्हणजे तोटा दिसतो डोंगरावर, पण त्याचें मूळ असतें खालच्या शेताच्या बांधावर.

दुसरी बाजू :— जंगलखात्याचें म्हणणें अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शेळी कोंवळीं रोपें खुडते, व नव्या लागवडीस कांहीं वर्षें राखावें लागतें, हें प्रत्येक शेतकरी जाणतो. कळप फार मोठे झाले व एके जागीं फार दिवस बसले तर जमीन उघडी पडते, हेंहि खरें. परंतु कळप एके जागीं फार दिवस बसतो तो स्वखुशीनें नव्हे. पुढची जागा बंद असते म्हणून. पांच जागांपैकीं तीन बंद केल्या तर उरलेल्या दोहोंवर भार पडणारच, आणि मग त्या उजाड झालेल्या दोन जागा दाखवून मेंढपाळास दोष देणें न्यायाचें नव्हे. लागवड आळीपाळीनें राखावी, व राखलेल्या भागांतून जाण्यापुरता पट्टा मोकळा ठेवावा, हा मध्यम मार्ग होय.

शेतकऱ्याचा हिशेब :— आतां मुख्य प्रश्न आमच्या वाचकांचा. मेंढरांचे मुक्काम तुटल्यानें मेंढपाळ बुडतो हें पाहिलें. शेतकऱ्याचें काय जातें? शेळ्यामेंढ्यांच्या खतांत साधारणपणें शेंकडा ३ भाग नत्र, १ भाग स्फुरद व २ भाग पालाश असतो. उलट, नेहमींच्या शेणखतांत नत्र शेंकडा अर्धा, स्फुरद शेंकडा ०.२ व पालाश शेंकडा अर्धा इतकाच भरतो. शिवाय मेंढरें शेतांत बसविलीं म्हणजे मूत्रहि तेथेंच मुरतें व खत वाहून नेण्याचा खर्च वांचतो. नुसत्या पोत्यांतील खतानें जमिनीस सेंद्रिय अंश मिळत नाहीं, आणि बैलांची संख्या घटल्यामुळें घरच्या उकिरड्यांतहि पूर्वींइतकें खत सांचत नाहीं. अशा वेळीं चालत दारीं येणारें खत परत पाठविणें शहाणपणाचें आहे काय, याचा प्रत्येकानें आपल्याशीं हिशेब करावा.

मेंढरें बसवितांना पुढील गोष्टी संभाळाव्या. बसण्याची जागा दररोज बदलावी, म्हणजे खत सर्व शेतांत सारखें पडतें. कळप उठल्यावर लौकर कुळव फिरवून खत मातींत मिसळावें. तें उन्हांत उघडें राहिलें तर नत्र हवेंत उडून जातो. ज्या शेतांत नुकतीच कीटकनाशकाची फवारणी झाली असेल तेथें कळप बसवूं नये, व शेजारच्या शेतांत फवारणी झाली असल्यास मेंढपाळास आधींच सांगावें. ज्वारीच्या खोडव्याचे कोंवळे फुटवे जनावरांस विषारी असतात, तेंहि दाखवून द्यावें. मोबदला व रात्रींची संख्या आधीं ठरवावी, आणि शेजाऱ्याचें पीक उभें असल्यास त्यास कळवावें. निम्मे तंटे न कळविल्यामुळें होतात.

कायदा व कर्तव्य :— इ. स. २००६ च्या वनहक्क कायद्यांत स्थायिक किंवा फिरत्या चराईचा सामुदायिक हक्क व फिरस्त्या पशुपालकांचा ऋतुमानानुसार वनांत येण्याचा परंपरागत हक्क स्पष्टपणें मान्य केलेला आहे. गद्दी लोकांची हिमाचल प्रदेशांत अनुसूचित जमातींत गणना होत असल्यामुळें त्यांस त्याचा आधार मागतां येतो. महाराष्ट्रांतील धनगरांची गणना भटक्या जमातींत होत असल्यामुळें त्यांस तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. आणि जो एके ठिकाणीं राहतच नाहीं त्यानें रहिवासाचा पुरावा कोठून आणावा, ही त्यांची अडचण विचार करण्याजोगी आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२६ हें वर्ष गवताळ प्रदेश व पशुपालक यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून ठरविलें, तेव्हां या प्रश्नांस जगांतहि महत्त्व आलें आहे.

परंतु कायदा जंगलाचा दरवाजा उघडूं शकेल. शेताचा बांध उघडणें शेतकऱ्याच्याच हातीं आहे. गद्दी मेंढपाळाचा फेरा १६,००० फुटांच्या खिंडीनें अडविला नाहीं, तो पायथ्याच्या मुक्कामांनीं अडविला. हाच या माहितीचा सारांश होय. आमच्याकडे अजून कांहीं गांवांतून कळप येतात, कांहीं पाणवठे मोकळे आहेत, व कोणत्या शेतांत मेंढरें बसत हें सांगणारीं वडील माणसें हयात आहेत. त्या वाटा व मुक्काम गांवकऱ्यांनीं ग्रामसभेंत नोंदवून ठेवावे, गायरानावर घाणेरी व गाजरगवत माजूं देऊं नये, आणि येत्या सुगीनंतर निदान एका शेतांत मेंढरें बसवून पुढील पिकांतील फरक स्वतः पाहावा, अशी आमची सर्व सभासदांस विनंति आहे. एकदां वाट मोडली म्हणजे ती पुन्हां पडण्यास फार वर्षें लागतात.